युद्धातला रेडिओवाला आणि आमच्या सोसायटीचा हॉल

आमच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी कट्टा भरतो. नियम एकच, एक माणूस निवडायचा आणि त्याच्यावर एक तास बोलायचं. पुस्तक वाचा, फोटो दाखवा, गाणी लावा, काहीही करा पण तास भरला पाहिजे. आत्तापर्यंत सलीम अली झाले, लक्ष्मीबाई टिळक झाल्या, अण्णासाहेब किर्लोस्कर झाले (त्या दिवशी चहा संपला तरी नाट्यगीतं संपेनात). माझी पाळी आली आणि मी ग्रुपवर टाकलं, एडवर्ड मर्रो. पहिला रिप्लाय, "हा कोण, क्रिकेटर का?" दुसरा पाचव्या मजल्यावरच्या काकूंचा, "एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात माणूस नाही का मिळाला तुला?"

मर्रो म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लंडनहून अमेरिकेला रेडिओवर बातम्या देणारा अमेरिकन पत्रकार. आता मर्रोच का, तर सांगते. मी ऐरोलीला एका कंपनीत नेटवर्क मॉनिटरिंगला आहे, बरीच वर्षं नाइट शिफ्ट. म्हणजे काम काय, तर देशोदेशीच्या लिंक हिरव्या आहेत ना हे बघत बसायचं, आणि एखादी लाल झाली की ब्रिज कॉल लावायचा, सिंगापूरवाला, लंडनवाला, व्हेंडर, सगळ्यांना एका कॉलवर ओढायचं आणि "कॅन यू हिअर मी" करत बसायचं. रात्री तीनला सगळं शांत असलं की कानाला काहीतरी लागतं, तेव्हा जुनी रेडिओ रेकॉर्डिंग ऐकायची सवय लागली आणि त्यात हा माणूस सापडला. सगळीकडे लिहिलेलं असतं की काय तो आवाज, काय ती शैली, आणि आवाज आहेच तसा, खर्जातला, घाई नसलेला. पण मला वाचता वाचता वेगळंच वाटायला लागलं, की हा मुळात आवाजाचा माणूस नव्हताच, हा जुळवाजुळव करणारा माणूस होता. म्हणजे आमच्यातला. तेच मला तासाभरात सांगायचं होतं आणि ते सांगण्यासाठी जी काही तयारी करावी लागली त्याबद्दल हे लिहितेय, कारण दोन-तीन जणांनी विचारलं की असा ऐकण्याचा कार्यक्रम करायचा तर कसा करायचा.

पहिलं काम म्हणजे आयुष्य कुठून सुरू करायचं ते ठरवणं. जन्म 25 एप्रिल 1908, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना, क्वेकर या ख्रिस्ती पंथातलं शेतकरी कुटुंब, लाकडी ओंडक्यांचं घर, वीज नाही. सहाएक वर्षांचा असताना घरचे पार दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात गेले, तिथे जंगलतोडीच्या कॅम्पवर सुट्टीत कामं केली. खरं नाव एग्बर्ट, कॉलेजात असताना एडवर्ड करून घेतलं, आणि लाकूडतोड्यांच्या कॅम्पवर एग्बर्ट नाव घेऊन फिरणं किती अवघड असेल ते कळू शकतं. हे सगळं मी पाच मिनिटांत उरकायचं ठरवलं, चरित्र म्हटलं की आपल्याकडे अर्धा तास बालपणातच जातो. एक गोष्ट मात्र ठेवली, त्याच्या कॉलेजातल्या बाई, आयडा लू अँडरसन. पोलिओने शरीर अधू झालेलं, शिकवायच्या वक्तृत्व, आणि त्यांनी याला बोलायला शिकवलं. पुढे लंडनहून हा "धिस इज लंडन" म्हणायचा तेव्हा "धिस" नंतर क्षणभर थांब, हा सल्ला त्यांचाच, तोही हजारो मैल लांब घरी बसून रेडिओ ऐकून दिलेला. 1941 मध्ये त्या गेल्या.

त्याच्यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटत होता. 1930 ला पदवी घेतल्यावर हा विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष, मग एका आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेत नोकरी, आणि 1933 ला हिटलर आल्यावर जर्मनीतून हाकललेल्या प्राध्यापकांना अमेरिकेतल्या विद्यापीठांत जागा मिळवून देणारी जी समिती होती तिचं काम. म्हणजे बघा, पंचविशीतला मुलगा काय करतोय तर कागदपत्रं, देणग्या, पत्रव्यवहार, याला तिकडे चिकटव, त्याला इकडे. पत्रकारितेचा एक दिवसाचा अनुभव नाही. 1935 मध्ये सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीने घेतलं तेही बोलायला नाही, "टॉक्स"चा डायरेक्टर म्हणून, म्हणजे दुसऱ्यांना माइकसमोर आणून बसवणारा. 1937 ला लंडनला पाठवलं ते याच कामाला. तिथल्या अमेरिकन वार्ताहरांच्या संघटनेने त्याला सभासदसुद्धा करून घेतलं नाही, पत्रकार नाहीस म्हणून, आणि काही वर्षांनी त्यालाच अध्यक्ष केलं.

तळमजल्यावर आमचे नाना राहतात, जन्म गेला रेडिओच्या कंट्रोल रूममध्ये, आता रिटायर. मी त्यांना म्हटलं, नाना मला मदत कराल का, तर म्हणाले, "कुणाचा कार्यक्रम?" मी सांगितलं. "मर्रो! अगं बोलणारा एक असतो, त्याच्यामागे लाइन लावणारे दहा असतात, त्यांचं कुणी काही करत नाही." म्हटलं नाना, हा दोन्ही होता. तेव्हा जरा सरसावून बसले.

मग आम्ही क्लिप निवडायला बसलो. आता इथे एक अडचण आहे जी कुणी जुना आवाज ऐकवायला गेलं की येतेच. रेकॉर्डिंग इंग्रजीत, अमेरिकन उच्चार, त्यात शॉर्टवेव्हची खरखर, आणि समोर बसणारे निम्मे लोक सत्तरीचे. सलग पाच मिनिटं लावलं तर माणसं मोबाइल काढतात. मी ठरवलं की एका वेळी मिनिटभराच्या आतच ऐकवायचं, आणि आधी मराठीत सांगायचं की आता काय ऐकू येणार आहे, म्हणजे कान त्याची वाट बघतो. उलटं करून पाहिलं होतं, घरी आईवर प्रयोग, आधी क्लिप मग अर्थ, तर आई म्हणाली छान आहे पण कळलं काही नाही.

नानांची दुसरी सूचना खरखरीबद्दल. मी सॉफ्टवेअरने आवाज साफ करून आणला होता, ते म्हणाले हे काय, हा बादलीत तोंड घालून बोलतोय. खरखर राहू दे, बेस पूर्ण खाली कर, मधली पट्टी थोडी वर घे, आणि स्पीकर जमिनीवर ठेवू नकोस, कानाच्या उंचीला ठेव आणि व्हॉल्यूम कमीच ठेव, लोक आपोआप पुढे सरकतील. आमच्या हॉलला चारी बाजूंनी टाइल्स, नुसता घुमतो, म्हणून मागच्या भिंतीला गणपतीतल्या सतरंज्या टांगल्या. सेक्रेटरी म्हणाले हे काय धोबीघाट केलंय. पण फरक पडला, ज्यांना शंका आहे त्यांनी करून बघा.

पहिली क्लिप व्हिएन्नाची. हा प्रसंग मला इतका आवडतो की नानांना मला आवरावं लागलं. 12 मार्च 1938, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात घुसलं. मर्रो त्या वेळी कुठे होता तर वॉर्सात, मुलांच्या एका कार्यक्रमाची व्यवस्था लावत. व्हिएन्नात त्याचा सहकारी विल्यम शायरर, पण त्याला तिथलं रेडिओ स्टेशन वापरूच देईनात. शायररने वॉर्साला फोन लावला आणि उघड बोलायची सोय नाही म्हणून खेळाच्या भाषेत सांगितलं, समोरच्या टीमने गोललाइन ओलांडली. मर्रोने विचारलं, नक्की? तर हा म्हणाला, नक्की असण्याचाच पगार घेतो. मग मर्रोचा निर्णय बघा, तू विमान पकड आणि लंडनला जा, तिथून सेन्सॉरशिवाय बोल, तुझ्या जागी मी येतो. आणि बर्लिनहून पुढे जायला सीट नाही म्हणून अख्खं 27 सीटचं विमान भाड्याने घेऊन एकटा व्हिएन्नाला गेला, हजार डॉलर मोजले म्हणे, कंपनीने ते बिल पास केलं हेच मला मोठं वाटतं.

13 तारखेला रविवार. न्यूयॉर्कहून निरोप, आज रात्री आठला अर्धा तास कार्यक्रम करायचाय, लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना, सगळीकडून लाइव्ह. हातात आठेक तास. रविवार म्हणून ऑफिसं बंद, इंजिनिअर घरी, प्रत्येक देशाच्या टेलिफोन आणि रेडिओ खात्याकडून लाइन मागायची, आणि हे सगळं वेगवेगळ्या शहरांत बसलेली दोन माणसं फोनवर जमवतायत. ज्यांना क्यू, म्हणजे "आता बोल" हा इशारा, ऐकू येणार नाही त्यांनी घड्याळ बघून ठरलेल्या मिनिटाला बोलायला सुरुवात करायची, समोर कुणी ऐकतंय की नाही याचा विचार न करता. रोमची लाइन शेवटपर्यंत मिळालीच नाही, तर तिथल्या वार्ताहराने आपला मजकूर फोनवरून लंडनला सांगितला आणि शायररने तो वाचला. व्हिएन्नात तेव्हा मध्यरात्र उलटून दोन-अडीच झालेले, आणि तिथून मर्रो पहिल्यांदा बातमीदार म्हणून बोलला. वयाची तीस पूर्ण व्हायला महिना-दीड महिना कमी. जुळवाजुळव करता करता बोलायला कुणी उरलं नाही म्हणून स्वतः बोलला, असं मी म्हणते, चरित्रकार असं म्हणणार नाहीत.

माझ्या दृष्टीने हा जगातला पहिला ब्रिज कॉल. आज आपण टीव्हीवर सहा चौकोनांत सहा माणसं भांडताना बघतो ना, त्याचा खापरपणजोबा. तेव्हा भांडत नव्हते एवढाच फरक.

यानंतर मर्रोने माणसं गोळा करायला सुरुवात केली, आणि इथेही त्याची नजर बघण्यासारखी. आवाज चांगला म्हणून घेतलेला एकही नाही. शायररची चाचणी न्यूयॉर्कच्या साहेबांनी ऐकली तर त्यांना आवाज पसंत नव्हता, मर्रो अडून बसला, मला पत्रकार पाहिजे, निवेदक नाही. एरिक सेव्हराइड, चार्ल्स कॉलिंगवूड, लॅरी लेस्यूअर, हॉवर्ड स्मिथ, सगळे लिहिणारे, विचार करणारे. त्यात मेरी मार्विन ब्रेकिन्रिज नावाची बाई पण, मूळ फोटोग्राफर, 1939-40 मध्ये तिने युरोपातून बरीच बातमीपत्रं दिली, आणि मग एका अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि काम सुटलं. या सगळ्यांना पुढे "मर्रो बॉइज" म्हणून ओळखलं गेलं. आमच्या कट्ट्यावर यावर एका ताईंनी फक्त "हं" केलं, त्या एका हं मध्ये सगळं आलं.

दुसरी क्लिप ट्रफाल्गर स्क्वेअर, 24 ऑगस्ट 1940. ही मात्र हातची सोडायची नाही असं पहिल्यापासून ठरलेलं. हा सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांवर माइक घेऊन उभा, शनिवारची रात्र, बोलता बोलता भोंगा वाजतो. खाली तळघरात आसरा आहे, लोक तिकडे चाललेत, वायर त्यांच्या वाटेत येते म्हणून हा ती जरा बाजूला करतो, आणि मग गप्प होतो आणि माइक खाली फुटपाथला नेतो. ऐकू येतात फक्त बुटांचे आवाज, टक टक टक, आणि त्यात कुणीही धावत नाहीये. अमेरिकेतल्या घरात बसलेल्या माणसाला लंडन घाबरलंय का नाही हे कुणी सांगायची गरजच उरली नाही. बातमीदाराने तोंड बंद ठेवून दिलेली ही बातमी, आणि आजच्या चॅनेलवाल्यांना ही क्लिप रोज सकाळी लावावी असं माझं मत आहे, असो.

हॉलमध्ये ही क्लिप लावताना नानांनी लाइट घालवायला सांगितले. अंधारात ती पावलं ऐकली आणि संपल्यावर लाइट लावायच्या आधीच मागून एक आजोबा म्हणाले, "एकाहत्तरला आमच्याकडे असंच होतं." आणि मग माझा कार्यक्रम गेला बाजूला. नौपाड्यात राहणाऱ्या आजी सांगायला लागल्या की खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, भोंगा झाला की खालून पोरं ओरडायची, ए दुसरा मजला, लाइट बंद करा. कुणी सांगितलं 65 ला पण होतं. नाना म्हणाले आमच्याकडे रात्री ट्रान्झिस्टर उशाशी, आकाशवाणी झाली की सुई फिरवून बीबीसी, दोघं काय म्हणतात ते ताडून बघायचे आणि मग वडील ठरवायचे खरं काय ते. मी मुद्दाम थांबवलं नाही. तासाचं गणित बिघडलं पण अशा कार्यक्रमाला तुम्ही जागा ठेवायलाच हवी, आणि ती ठेवायची असेल तर मजकूर आधीच कमी घेऊन जायचा, हे मी किर्लोस्करांच्या वेळी बघून ठेवलं होतं.

ब्लिट्झ सुरू झाला 7 सप्टेंबर 1940 ला, सलग 57 रात्री लंडनवर बॉम्ब पडले. मर्रोला छतावर उभं राहून बॉम्बहल्ला चालू असताना लाइव्ह बोलायचं होतं, लिहिलेलं न वाचता. सरकारला धास्ती, की हा बोलता बोलता एखादी जागा बोलून बसला तर वर जर्मन विमानांना आयतं मार्गदर्शन. मग याने काय केलं तर काही रात्री छतावर जाऊन नमुन्याची रेकॉर्डिंग केली, सेन्सॉरला ऐकवायला, अर्जफाटे केले, आणि शेवटी परवानगी काढली. हे मला फार ओळखीचं वाटतं. लोकांना छतावरचा शूर माणूस दिसतो, मला फाइल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जाणारा माणूस दिसतो. आणि नुसती परवानगी मिळून भागत नव्हतं, लंडनला मध्यरात्र उलटली की अमेरिकेत संध्याकाळ, म्हणजे बॉम्ब पडत असताना रस्ता ओलांडून बीबीसीच्या तळघरातल्या स्टुडिओत पोचायचं, तिथून शॉर्टवेव्हने अटलांटिक पार, हवामान बिघडलं की सगळं पाण्यात. आणि रेकॉर्ड करून नंतर लावायची सोय नाही, अमेरिकन नेटवर्कचा तेव्हा नियमच होता की लाइव्हच पाहिजे. 15 ऑक्टोबरला खुद्द ब्रॉडकास्टिंग हाऊसवर, म्हणजे बीबीसीच्या मुख्य इमारतीवर, बॉम्ब पडला, सात जण गेले, नऊच्या बातम्या चालू होत्या, वाचणारा ब्रूस बेलफ्रेज धूळ झटकून पुढे वाचत राहिला. तो मर्रो नव्हे, पण नानांचा हट्ट होता की हा उल्लेख झालाच पाहिजे, आणि झाला.

इथेच पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी परत विचारलं, की अगं त्या वेळी आपलं कुणीच नव्हतं का तिकडे? हा प्रश्न येणार हे माहीत होतं म्हणून मी एक फोटो तयार ठेवलेला. 1942, लंडन, बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसच्या कार्यक्रमातला, त्यात टी. एस. इलियट आहेत, मुल्कराज आनंद आहेत, मागे जॉर्ज ऑर्वेल उभे आहेत, आणि साडी नेसून बसलेल्या आपल्या वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या शिरोळच्या. युद्धाच्या काळात बीबीसीवर काम करत होत्या, ऑर्वेलच्या सहकारी, तिथून भारतासाठी मराठीतून वार्तापत्र जायचं त्यातही त्या होत्या. पुढे 1950 मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी आली, "इन ट्रान्झिट". काकूंनी फोटो हातात घेतला आणि चष्मा काढून, परत लावून बघितला. "यांच्यावर का नाही केलास कार्यक्रम?" म्हटलं काकू, पुढची पाळी तुमची. सगळे हसले पण त्या हसल्या नाहीत, त्यांनी खरंच नाव लिहून घेतलं. (आणि उषा मेहता, मुंबईत, त्याच 1942 मध्ये, ट्रान्समीटर घेऊन या जागेतून त्या जागेत फिरत काँग्रेस रेडिओ चालवणारी बावीस वर्षांची मुलगी, नोव्हेंबरात पकडली गेली. ती पण जुळवाजुळवच. तिला मी दोन वाक्यांत उरकलं याचं नानांना अजून वाईट वाटतं.)

तिसरी क्लिप बर्लिनची. 2 डिसेंबर 1943 च्या रात्री हा ब्रिटिश लँकॅस्टर बॉम्बर विमानात बसून बर्लिनवरच्या हल्ल्याला गेला. त्याच्या वरिष्ठांना हे अजिबात पसंत नव्हतं, पण युद्ध संपेपर्यंत अशी वीसेक उड्डाणं तरी केलीच त्याने. त्या रात्री वेगवेगळ्या विमानांतून चार पत्रकार गेले होते. ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन स्टॉकटन आणि नॉर्वेचा कवी नॉर्डाल ग्रीग मारले गेले, तिसरा लॉवेल बेनेट जर्मनांच्या हाती सापडला, परत आला तो मर्रो. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं सांगितलं, सर्चलाइटमध्ये विमान सापडल्यावर पायलट कसं वेडंवाकडं वळवतो, खाली आग कशी दिसते, आणि हेही सांगितलं की खाली माणसं मरतायत. लंडन जळताना बघितलेला माणूस बर्लिन जळताना वरून बघतोय. यावर हॉलमध्ये एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, मग हा न्यूट्रल कुठे होता, हा तर एका बाजूच्या विमानात बसलेला. बरोबर आहे. तो न्यूट्रल नव्हताच, अमेरिकेने युद्धात उतरावं असं त्याला मनापासून वाटत होतं आणि ते त्याच्या बातम्यांतून कळायचं. मी त्या मुलाला उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही, कारण माझंही हेच म्हणणं आहे की आवाज शांत असला म्हणजे माणूस तटस्थ असतो असं नाही.

चौथ्या क्लिपचा निर्णय सगळ्यात अवघड गेला. बुखेनवाल्ड. 12 एप्रिल 1945 ला मर्रो त्या छळछावणीत पोचला आणि 15 तारखेला बोलला, मधले दिवस तो बोललाच नाही. हॉलमध्ये नातवंडं असणार, मग लावायचं का? नानांचं मत होतं लावू नकोस. माझं मत होतं की ते वगळलं तर बाकीचं सगळं साहसकथा होऊन बसेल. शेवटी असं केलं की आधी जाहीर सांगितलं, आता जे येतंय ते लहान मुलांसाठी नाही, आणि खाली बागेत पोरांसाठी भेळेची सोय केली. मग मधला भाग मीच मराठीत सांगितला, प्रेतांचं वर्णन गाळून. एक माणूस त्याच्यासमोर येऊन म्हणतो, मला ओळखलंत का, मी पेत्र झेंकल, प्रागचा पूर्वीचा महापौर. मर्रो त्यांना ओळखत होता. चेहरा ओळखू आला नाही. मुलं बाही वर करून हातावर गोंदलेले नंबर दाखवतात. एवढंच सांगितलं, आणि शेवटची वाक्यं त्याच्या आवाजात लावली, ज्यात तो म्हणतो की मी सांगितलं त्यावर विश्वास ठेवा अशी विनवणी आहे, जे पाहिलं ऐकलं तेच सांगितलं, तेही थोडंच, बाकीच्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत. आणि हे सौम्य वर्णन ऐकून तुम्हाला त्रास झाला असेल तर मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. बारा वर्षांपूर्वी जर्मनीतून प्राध्यापकांना बाहेर काढण्यासाठी पत्रं लिहिणारा मुलगा तो हाच, हे मी तिथे जोडलं, ते चरित्रात पहिल्या पानावर असतं आणि इथे येईपर्यंत लोक विसरलेले असतात.

क्लिपनंतर टाळ्या वाजल्या नाहीत ते बरंच झालं. पण कार्यक्रम तिथे थांबवणं मला पटत नव्हतं कारण त्याचं पुढे बरंच काही आहे. टीव्ही आला, 1951 मध्ये "सी इट नाऊ" हा टीव्ही कार्यक्रम सुरू केला, फ्रेड फ्रेंडली नावाच्या निर्मात्याबरोबर. 9 मार्च 1954 चा तो मॅकार्थीवरचा भाग, म्हणजे ज्याच्या त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप करत सुटलेला अमेरिकन सिनेटर, त्या सिनेटरची स्वतःचीच वक्तव्यं एकापुढे एक लावून त्याला उघडं पाडलं. कार्यक्रमाची जाहिरात पेपरात द्यायला सीबीएस तयार नव्हतं तर या दोघांनी खिशातून पैसे घातले. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटने मॅकार्थीवर ठपका ठेवला, अर्थात तो काही फक्त एका कार्यक्रमामुळे नाही. 1958 ला शिकागोत रेडिओ-टीव्हीच्या वृत्तसंपादकांसमोर भाषण केलं, की टीव्हीने शिकवलं नाही, जागं केलं नाही तर ती पेटी म्हणजे नुसत्या तारा आणि दिवे. मालकांना ते काय आवडणार. सिगारेट मात्र शेवटपर्यंत हातात, दिवसाला साठेक, 1955 मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर स्वतः कार्यक्रम करूनसुद्धा. त्याच कॅन्सरने 27 एप्रिल 1965 ला गेला, 57 पूर्ण होऊन दोन दिवस झालेले. हे सांगितल्यावर दोन-तीन बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे एकदम बघितलं.

शेवटी माझं आणि नानांचं ज्यावरून वाजलं होतं तो भाग. 1960 च्या नोव्हेंबरात मर्रोचा "हार्वेस्ट ऑफ शेम" आला, अमेरिकेतल्या फिरत्या शेतमजुरांच्या हालांवर, आपल्या ऊसतोड कामगारांची आठवण यावी असा. दोन-तीन महिन्यांत केनेडींनी त्याला सरकारच्या माहिती खात्याचा प्रमुख केला, म्हणजे आता अमेरिकेची बाजू जगाला सांगणं हेच काम. बीबीसी तो माहितीपट दाखवणार होती, तर याने तिथल्या प्रमुखांना, जुन्या ओळखीवर, फोन करून विनंती केली की दाखवू नका. स्वतःचाच माहितीपट. बीबीसीने ऐकलं नाही, दाखवला, आणि बातमी फुटून याची शोभा झाली.

नाना म्हणत होते हे कशाला सांगायचं, एवढ्या मोठ्या माणसाचं शेवटी हे? मी म्हटलं, नाना, जन्मभर फोन करून लाइन जोडणाऱ्या माणसाने एकदा फोन करून लाइन तोडायला बघितली, हे नाही सांगितलं तर मग मी काय सांगितलं? ते सांगितलंच मी. त्यावर हॉलमध्ये जे सुरू झालं ते चहा थंड होईपर्यंत चाललं, सरकारी नोकरीत असलेला आमचा एक शेजारी मर्रोच्या बाजूने, पदावर गेलं की तसं करावंच लागतं म्हणाला, कॉलेजचा तो मुलगा विरुद्ध, आणि नाना, ज्यांना हे नको होतं, तेच सगळ्यात मोठ्याने बोलत होते. पुढच्या महिन्यात वेणू चितळे. काकू मला रोज फोन करून विचारतात की तो फोटो मोठा करून कुठे मिळेल.